हलती एसव्हीजी जिफमध्ये आणताना: घड्याळ थांबवा, मग फ्रेम काढा

रंगपंचमी जवळ आली की इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या ग्रुपांवर त्याच त्या तक्रारी फिरू लागतात. कुणीतरी हौसेनं एसव्हीजीत, म्हणजे रेषा आणि आकार मजकुरात लिहून ठेवणाऱ्या चित्र-फाइलीत, शुभेच्छापत्र केलेलं असतं. ब्राउझरमध्ये झेंडे फडफडतात, गुलाल उडतो, सगळं झकास. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं म्हणून त्याची जिफ केली की एकतर चित्र जागचं हलत नाही, नाहीतर दर फेरीला झटका खातं, नाहीतर गुलालाच्या जागी नुसते पट्टे दिसतात.

पट्ट्यांचं कारण रंगांत आहे, त्याकडे नंतर येऊ. बाकीच्या दोन दुखण्यांची खास कारणं पुढे येतीलच, पण सगळ्यांत आधी टाळायची चूक एकच: अ‍ॅनिमेशन चालू असताना त्याचे फोटो काढायला जाणं. स्क्रीन रेकॉर्ड करणं, किंवा स्क्रिप्टमध्ये 'स्क्रीनशॉट घे, ४० मिलिसेकंद थांब, पुन्हा घे' असा लूप लावणं, दोन्ही त्यातलेच प्रकार. एक स्क्रीनशॉट घ्यायलाच बऱ्याचदा ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. तेवढ्यात अ‍ॅनिमेशन पुढे निघून गेलेलं असतं. उपाय असा की अ‍ॅनिमेशनचं घड्याळ आपण थांबवायचं, 'आता ०.०५ सेकंदावर ये', 'आता ०.१० वर ये' असं सांगत पुढे न्यायचं आणि प्रत्येक मुक्कामावर एक फ्रेम काढायची. फ्रेम काढायला मग दोन सेकंद लागोत, नाहीतर दहा. निकालात फरक पडत नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो: इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले, वर फडकणारे झेंडे, समोरून उडणारा गुलालाचा ढग, आणि खाली 'गुलाल उधळू या, रंगपंचमीच्या शुभेच्छा' ही ओळ. आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

## काय काय लागेल

नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि त्यावर पपेटिअर किंवा प्लेराइट. पायथनची सवय असेल तर प्लेराइट तिथूनही चालतं. हे दोन्ही म्हणजे पडद्याआड क्रोमिअम ब्राउझर चालवण्याची साधनं. फ्रेम्स जोडायला एफएफएमपेग, आणि जिफ बारीक करायला जिफसिकल. एवढं पुरे.

सावधान: इमेजमॅजिक, इंकस्केप, आरएसव्हीजी-कन्व्हर्ट, कैरोएसव्हीजी यांना थेट एसव्हीजी देऊन हलती जिफ मागू नका. ही साधनं एसव्हीजीचं स्थिर चित्र काढतात, अ‍ॅनिमेशन चालवत नाहीत. 'चित्र हलतच नाही' या तक्रारीचं हे पहिलं कारण. अ‍ॅनिमेशन खऱ्या अर्थानं समजतं ते ब्राउझरला, म्हणून ब्राउझरच लागतो.

## टप्पा १: फाइलच्या आत कोणतं अ‍ॅनिमेशन आहे ते ओळखा

एसव्हीजी म्हणजे साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडा आणि शोधा.

'अ‍ॅनिमेट', 'अ‍ॅनिमेटट्रान्सफॉर्म', 'अ‍ॅनिमेटमोशन' किंवा 'सेट' असे टॅग सापडले तर ते स्माइल पद्धतीचं (एसव्हीजीची स्वतःची, टॅगमधूनच हलवण्याची रीत) अ‍ॅनिमेशन. 'कीफ्रेम्स' सापडलं तर सीएसएसचं, म्हणजे वेबपानाच्या सजावटीच्या नियमांतलं. 'स्क्रिप्ट' टॅग असेल तर जावास्क्रिप्टचं. एकाच फाइलमध्ये दोन प्रकार निघणं अगदी नेहमीचं आहे: झेंडे स्माइलनं, गुलाल सीएसएसनं. तिन्हींचं घड्याळ थांबवण्याची रीत वेगळी असल्यामुळे हा टप्पा गाळून पुढे गेलात तर अर्धं चित्र हलेल आणि अर्धं गोठेल.

तपासा: स्माइलच्या टॅगमध्ये 'बिगिन'ची किंमत क्लिक किंवा माउसओव्हर अशी आहे का? सीएसएसमध्ये अ‍ॅनिमेशन 'होव्हर'वर अवलंबून आहे का? पडद्याआडच्या ब्राउझरमध्ये बोट लावायला कुणी बसलेलं नसतं. असं असेल तर 'बिगिन' ० सेकंद करा आणि होव्हरची अट काढून टाका.

## टप्पा २: फेरी किती सेकंदांची, ते कागदावर काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि इथे कुणी वेळच देत नाही. सगळे हलणारे घटक पुन्हा एकाच वेळी मूळ जागी येतात तो काळ म्हणजे पूर्ण फेरी. तो प्रत्येक घटकाच्या कालावधीचा लसावि असतो. हो, शाळेतलाच लसावि.

आपल्या पत्रात गुलाल ३ सेकंदांचा आहे. झेंड्यांपुढे २ सेकंद लिहिलंय, पण त्यांची दिशा 'ऑल्टरनेट' आहे, म्हणजे २ सेकंद जाणं आणि २ सेकंद येणं. खरी फेरी ४ सेकंदांची. ३ आणि ४ चा लसावि १२. सेकंदाला २० फ्रेम्स धरल्या तर २४० फ्रेम्स! शुभेच्छापत्रासाठी हे फारच झालं.

गणित करून गप्प बसू नका, मूळ फाइलमधले आकडे बदला. झेंड्यांचे २ सेकंद १.५ केले की त्यांचं जाणं-येणं ३ सेकंदांत उरकतं आणि गुलालाशी जुळतं. मजल्यांवरच्या दिव्यांची उघडझाप १ सेकंदाची असेल तर ती तीनात बसतेच. आता पूर्ण फेरी ३ सेकंद, फ्रेम्स ६०. झेंडा अर्ध्या सेकंदानं लवकर वळला हे कुणाच्याही लक्षात येत नाही. फाइल मात्र चौथाईवर येते.

'ऑल्टरनेट'चा हा दुप्पट हिशेब सीएसएससाठी आहे. स्माइलमध्ये 'व्हॅल्यूज'मध्ये ०, १०, ० असं लिहिलेलं असेल तर जाणं-येणं आधीच त्या कालावधीत धरलेलं असतं. तिथे दुप्पट करू नका.

सावधान, उशिरा सुरू होणारे घटक: गुलालाचे तीन झोत ०.५, १ आणि १.५ सेकंद उशिरानं सुटत असतील, तर पहिल्या फेरीच्या सुरुवातीला ते चित्रात नसतातच. फेरीच्या शेवटी मात्र सगळे हजर असतात. जिफ पुन्हा सुरू झाली की ते भसकन गायब होतात. 'झटका' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. दोन वाटा आहेत. एक म्हणजे उशीर उणे करणे: ०.५ मधून ३ वजा करून −२.५, १ ऐवजी −२, असं. दुसरी सोपी: पहिली फेरी सोडून द्या आणि ३ऱ्या सेकंदापासून ६व्या सेकंदापर्यंतच्या फ्रेम्स काढा. घड्याळ आपल्या हातात असल्यामुळे मधूनच सुरुवात करण्यात काही अडचण नाही. मी दुसरीच वाट धरतो, मूळ फाइलला कमी हात लागतो.

एकदाच उमटून थांबणाऱ्या मजकुराचं काय? फिरत राहणाऱ्या जिफमध्ये त्याला जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळ पहिल्यापासून दिसू द्या. कित्येक ठिकाणी झलक म्हणून पहिलीच फ्रेम दिसते. ती मजकुराविना असेल तर लोक उघडतही नाहीत.

## टप्पा ३: वेग आणि आकार ठरवा

जिफमध्ये प्रत्येक फ्रेमचा मुक्काम सेकंदाच्या शंभराव्या भागात, पूर्णांकात लिहिला जातो. त्यामुळे हवा तो वेग मिळत नाही. सेकंदाला १० फ्रेम्स म्हणजे १० भाग, २० म्हणजे ५, २५ म्हणजे ४, ५० म्हणजे २. हे नेमके बसतात. ३० मागितल्या तर ३.३३ भाग येतात, ते लिहिता येत नाहीत. मग काही फ्रेम्स ३ भाग थांबतात, काही ४, आणि सरळ जाणारी वस्तू अडखळल्यासारखी दिसते. व्हिडिओच्या सवयीनं ३० लिहिणारे इथेच फसतात.

उलट टोकही आहे. मुक्काम १ भाग ठेवून शंभरचा वेग गाठायला गेलात तर बहुतेक ब्राउझर तो १० भाग धरतात आणि चित्र गोगलगाय होतं.

शुभेच्छापत्राला २० उत्तम. बारीक, जलद हालचाल असेल तर २५. आकार ७२० गुणिले ७२० पिक्सेल पुरे. फ्रेम्स थेट त्याच आकारात काढा. मोठ्या काढून नंतर लहान केल्या तर कडांवर नको असलेले अधलेमधले रंग तयार होतात आणि जिफच्या मोजक्या रंगांत तेही वाटेकरी होतात.

जिफच हवी का, हेही इथेच विचारा. वेबसाइटवर, पारदर्शक पार्श्वभूमीसह टाकायचं असेल तर एपीएनजी (हलती पीएनजी) किंवा हलती वेबपी सरस. त्यांत पूर्ण रंग आणि खरी अर्धपारदर्शकता मिळते. जिफमध्ये एका फ्रेमला २५६ रंग, आणि पिक्सेल एकतर पारदर्शक, नाहीतर अपारदर्शक. मधलं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळाच विचार आहे, तो शेवटच्या टप्प्यात.

## टप्पा ४: फाइल तयार करा

पान. एसव्हीजीचा मजकूर थेट एका साध्या एचटीएमएल पानात चिकटवा. इमेज टॅगमधून बोलावू नका. तिथे एसव्हीजीतली स्क्रिप्ट चालत नाही, बाहेरचे फॉन्ट आणि चित्रं येत नाहीत, आणि आपल्या स्क्रिप्टचा हातही आतपर्यंत पोचत नाही. पानाच्या बॉडीचं मार्जिन ० करा. ब्राउझर आपणहून ८ पिक्सेलचं मार्जिन सोडतो. डावीकडे आणि वर पांढरी पट्टी, उजवीकडे झेंडा कापलेला, असं दिसलं तर कारण हेच.

मापं. मुळाशी 'व्ह्यूबॉक्स', म्हणजे चित्राची आतली चौकट सांगणारा गुणधर्म, असायलाच हवा. रुंदी आणि उंची ७२० लिहा. व्ह्यूबॉक्सचं प्रमाण चौरस नसेल तर कडेला रिकामी जागा राहील. ती रंगवायची की चित्र सरकवायचं, ते आताच ठरवा.

चित्रं. गुलालाचा पोत किंवा मंडळाचं बोधचिन्ह बाहेरच्या पीएनजीतून येत असेल तर ते बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, आतच भरा.

अक्षरं. इथे जरा थांबू, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडणार नाही. ज्या मशीनवर स्क्रिप्ट चालणार तिथे देवनागरी फॉन्ट नसेल तर 'शुभेच्छा'च्या जागी चौकोन येतात. भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर तर हमखास. दुसरा फॉन्ट सापडला तरी रुंदी बदलते आणि ओळ चौकटीबाहेर जाते. म्हणून फॉन्ट बेस६४ करून एसव्हीजीतच ठेवा, किंवा इंकस्केपमध्ये मजकुराचा पाथ करून टाका, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरतात. पाथ केलेली फाइल वेगळ्या नावानं ठेवा, कारण त्यातली तारीख नंतर बदलता येत नाही.

आणि भाषेची खूण. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श वेगळे दिलेले असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितलं तरच ते उमटतात. टेक्स्ट टॅगवर 'लँग' या गुणधर्मात मराठीचं दोन अक्षरी चिन्ह, एम आणि आर, लिहा. ते नसेल तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. इंदुरात चारी बाजूंनी तीच वळणं डोळ्यांना सवयीची असल्यामुळे करणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. रामबागेतल्या एखाद्या आजोबांच्या मात्र पहिल्या नजरेत येतं. आपल्या ओळीत 'गुलाल' आणि 'शुभेच्छा' दोन्ही असल्यामुळे चूक ठसठशीत दिसेल. पाथ करणार असाल तर ही खूण पाथ करण्याआधी.

एकेक अक्षर नाचवायचं असेल तर ओळ हातानं तोडा: शु, भे, च्छा. स्क्रिप्टनं वर्णागणिक तोडलीत तर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, जोडाक्षराचा हलन्त उघडा, असा पसारा होतो.

तपासा: फॉन्ट आणि चित्रं आत भरल्यावर इंटरनेट बंद करून पान ब्राउझरमध्ये उघडा. काही गायब झालं तर ते अजून बाहेरून येतंय.

## टप्पा ५: स्क्रिप्ट, म्हणजे घड्याळ हातात घेणं

क्रम महत्त्वाचा आहे, तो असाच ठेवा.

१. ब्राउझर उघडा. पडद्याचा आकार ७२० गुणिले ७२० आणि 'डिव्हाइस स्केल फॅक्टर' १ ठेवा. तो २ राहिला तर फ्रेम्स १४४० च्या येतील.

२. 'प्रीफर्स रिड्यूस्ड मोशन' ही माध्यम-पसंती 'नो प्रीफरन्स' करा. काही मशीनवर हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू असते आणि एसव्हीजीतल्या सीएसएसमध्ये तिची दखल घेतलेली असेल तर सगळं स्थिर राहतं.

३. पान उघडा. 'डॉक्युमेंट फॉन्ट्स रेडी' पूर्ण होईपर्यंत थांबा. नाहीतर सुरुवातीच्या काही फ्रेम्स वेगळ्याच फॉन्टमध्ये येतात.

४. घड्याळ थांबवा. स्माइलसाठी पानातल्या प्रत्येक मुख्य एसव्हीजीवर 'पॉझअ‍ॅनिमेशन्स' बोलवा. सीएसएससाठी डॉक्युमेंटवर 'गेटअ‍ॅनिमेशन्स' बोलवून मिळालेली यादी एका चलात जपून ठेवा आणि त्यातल्या प्रत्येकाला 'पॉझ' करा. यादी एकदाच घ्यायची. संपून गेलेली आणि 'फिल' नसलेली अ‍ॅनिमेशन्स नंतर मागितलेल्या यादीत येत नाहीत.

५. आता लूप: आय, म्हणजे फ्रेमचा क्रमांक, ० पासून ५९ पर्यंत. वेळ = ३ + आय भागिले २०. स्माइलला 'सेटकरंटटाइम'मध्ये ही वेळ द्या. सीएसएसच्या यादीतल्या प्रत्येकाच्या 'करंटटाइम'मध्ये हीच वेळ गुणिले १००० द्या.

६. दोनदा 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम'ची वाट बघा, म्हणजे नवीन स्थिती खरोखर रंगवली जाईल.

७. पीएनजी स्क्रीनशॉट घ्या. नाव चार आकडी: ००००, ०००१, ०००२. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर 'ओमिटबॅकग्राउंड' चालू करा.

सावधान, सेकंद आणि मिलिसेकंद: स्माइल सेकंदांत मोजतं, सीएसएस मिलिसेकंदांत. हजारानं गुणायचं राहिलं तर गुलाल जवळजवळ जागचा हलत नाही आणि झेंडे मात्र नीट फडकतात. अशी लक्षणं दिसली की दुसरीकडे कुठे शोधत बसू नका.

सावधान, वेळ साठवत नेऊ नका: 'वेळ = वेळ + ०.०५' असं लिहिलं की दशांशातली किंचित चूक साठत जाते. दर वेळी आयवरूनच भागाकार करा. फ्रेम ५९ लाच थांबा. ६०वी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. ती ठेवलीत तर दर फेरीला चित्र क्षणभर अडकतं.

सीएसएसमधला उशीर आपण वजा करायचा नाही. 'करंटटाइम' उशीर धरूनच मोजतो, उणे उशीरही. सगळ्यांना एकच वेळ दिली की ज्याचा तो हिशेब करतो.

प्लेराइटच्या स्क्रीनशॉटमध्ये 'अ‍ॅनिमेशन्स' नावाचा पर्याय असतो. तो 'डिसेबल्ड' असेल तर अखंड चालणारी अ‍ॅनिमेशन्स सुरुवातीच्या स्थितीला नेली जातात आणि सगळ्या फ्रेम्समधला गुलाल सारखाच दिसतो. चाचण्यांसाठी लिहिलेला कोड उचलून आणणाऱ्यांच्या वाट्याला हे येतं. पर्याय 'अलाउ'वर ठेवा.

### अ‍ॅनिमेशन जावास्क्रिप्टचं असेल तर

थोडं जास्त काम आहे. पान उघडायच्या आधीच आत एक तुकडा घुसवावा लागतो. पपेटिअरमध्ये 'इव्हॅल्युएटऑनन्यूडॉक्युमेंट', प्लेराइटमध्ये 'अ‍ॅडइनिटस्क्रिप्ट'. हा तुकडा 'परफॉर्मन्स नाऊ', 'डेट नाऊ' आणि 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम' यांच्या जागी आपली नकली आवृत्ती ठेवतो: वेळ आपण सांगू ती, आणि पुढची फ्रेम आपण म्हणू तेव्हा. मूळ 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम' दुसऱ्या नावानं जपून ठेवा, सहाव्या पायरीत ते लागतं. जीसॅपसारखी लायब्ररी वापरलेली असेल तर एवढी यातायात नको. तिची टाइमलाइन थांबवून हव्या त्या सेकंदावर नेता येते.

गुलालाचे कण 'मॅथ रँडम'नं उडत असतील तर फेरीची दोन टोकं कधीच जुळणार नाहीत. तिथे कणांच्या जागा ठरावीक करून घ्याव्या लागतात.

## टप्पा ६: जोडण्याआधी फ्रेम्स तपासा

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि पुढचा अर्धा तास वाचवतो.

एक जादा फ्रेम काढा: बरोबर ६ सेकंदांवरची. ती आणि ३ सेकंदांवरची पहिली फ्रेम शेजारी ठेवा, किंवा इमेजमॅजिकच्या 'कंपेअर'ला द्या. दोन्ही सारख्या हव्यात. एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा फरक सोडून द्या. फरक स्पष्ट असेल तर टप्पा २ मधला लसावि चुकलाय. तपासून झालं की जादा फ्रेम पुसा.

मग ०वी, १५वी, ३०वी आणि ४५वी फ्रेम डोळ्यांनी बघा. झेंडे, गुलाल, दिवे, तिन्ही बदललेत का? ओळीतला ल आणि श पुन्हा एकदा पाहा.

## टप्पा ७: जिफ जोडा, आणि गुलाल वाचवा

एफएफएमपेगला फ्रेमरेट २० हे इनपुटच्या आधी सांगायचं. न सांगितल्यास तो चित्रमालिका २५ च्या वेगाची धरतो. ३ सेकंदांची फेरी २.४ सेकंदांत संपते आणि झेंडे घाईत फडफडतात. वेग इनपुटच्या नंतर लिहिला तर एफएफएमपेग तो वेग जुळवायला फ्रेम्स गाळतो, हे आणखी वाईट.

रंगांसाठी दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत 'पॅलेटजेन' सगळ्या फ्रेम्स बघून २५६ रंगांचा संच बनवतं. दुसऱ्या फेरीत 'पॅलेटयूज' तो वापरतं. ही पायरी टाळली की सरधोपट ठरीव रंग वापरले जातात, आणि गुलालाच्या कडेला गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंत उतरत जाणाऱ्या छटा तीन-चार पट्ट्यांत कोसळतात.

पॅलेट नीट असूनही पट्टे दिसतातच, कारण मोठ्या ढगाला रंग पुरत नाहीत. तिथे 'डिदर' लागतं, म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांतून मधल्या रंगाचा भास करणं. फ्लॉइड-स्टाइनबर्ग किंवा सिएरा स्थिर चित्रात देखणे दिसतात, पण हलत्या चित्रात त्यांचे ठिपके दर फ्रेमला जागा बदलतात. राजवाड्याच्या स्थिर भिंतीवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात आणि फाइल फुगते. 'बायर' पद्धतीत ठिपक्यांची जाळी जागच्या जागी राहते. मी हलत्या चित्राला बायरच लावतो. चित्रात सपाट रंगच असतील तर डिदर पूर्ण बंद ठेवा, फाइल लहान होईल.

'पॅलेटजेन'च्या 'स्टॅट्स मोड'मध्ये 'डिफ' निवडलं तर हलणाऱ्या भागाला जास्त रंग मिळतात. गुलालाला फायदा, राजवाड्याच्या लाकूडकामाला तोटा. दोन्ही करून बघा आणि ठरवा. याला ठरीव उत्तर नाही.

पारदर्शक जिफ हवीच असेल तर जिथे ती ठेवायची त्या पानाचा रंग आधीच चित्रामागे भरा आणि अपारदर्शक काढा. नाहीतर ढगाच्या मऊ कडा करवतीसारख्या दातेरी होतात, वर पांढुरकी किनार.

पुन्हा पुन्हा फिरण्याची सेटिंग तीन प्रकारांत तीन तऱ्हेची आहे. एफएफएमपेगची जिफ आपणहून अखंड फिरते. एपीएनजीला 'प्लेज' ० आणि वेबपीला 'लूप' ० हे स्वतः लिहावं लागतं, नाहीतर चित्र एकदाच चालून थांबतं.

तपासा: 'जिफसिकल'ला माहिती विचारा. सगळ्या मुक्कामांची बेरीज ३०० भाग यायला हवी. फ्रेम्स ६० पेक्षा कमी दिसल्या तर लगेच घाबरू नका. काहीच न बदलणाऱ्या फ्रेम्स एफएफएमपेग गाळतो आणि त्यांचा वेळ आधीच्या फ्रेमला देतो. बेरीज चुकली तरच दोष शोधा.

फाइल जड झाली तर कमी करण्याचा क्रम असा: आधी आकार ७२० वरून ५४०, मग वेग २० वरून १०, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी जिफसिकलचं 'लॉसी', म्हणजे दर्जा थोडा सोडून फाइल दाबणं. लोक उलटे जातात, आधी रंग कापतात आणि गुलालाचा चिखल करून बसतात. वेग बदलायचा तर फ्रेम्स पुन्हा काढा, ३० होतील. जिफमधून एकाआड एक उपटू नका.

## टप्पा ८: व्हॉट्सअ‍ॅप आणि दुकानाचा टीव्ही

व्हॉट्सअ‍ॅप एसव्हीजी चित्र म्हणून दाखवत नाही, आणि जिफ पाठवली तरी तिचा आवाज नसलेला छोटा व्हिडिओच करतं. म्हणजे तुम्ही रंग २५६ वर आणून डिदर केलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं आणि ठिपक्यांची खिचडी होते. तिथे पाठवायचं असेल तर जिफच्या वाटेला न जाता त्याच पीएनजी फ्रेम्सपासून थेट एमपी४ बनवा. सराफ्यातल्या एखाद्या दुकानाच्या टीव्हीवर पेनड्राइव्हनं लावायचं असेल तरी एमपी४च द्या.

तीन गोष्टी पाळा. पिक्सेल फॉरमॅट 'वाययूव्ही ४२० पी' स्वतः लिहा. पीएनजीवरून एफएफएमपेग आपणहून दुसरा निवडतो आणि बऱ्याच फोनवर तो व्हिडिओ चालतच नाही. रुंदी आणि उंची सम संख्या ठेवा. आणि पार्श्वभूमी भरलेली असू द्या. या व्हिडिओत पारदर्शकता नसते, रिकामी जागा काळी येते. ३ सेकंदांचा व्हिडिओ फारच आखूड वाटतो, म्हणून तीच फेरी चार वेळा जोडून १२ सेकंदांचा करा. फेरी जुळलेली असल्यामुळे सांधा दिसणार नाही. पाठवण्याआधी मंडळातल्या एखाद्या काकांच्या जुन्या फोनवर चालवून बघा. नव्या फोनवर सगळंच चालतं.

मजकूर बदलण्याची फर्माईश येणारच: गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला कुठे जमायचं ती जागा, वेळ, कुणाचं तरी राहिलेलं नाव. मूळ एसव्हीजीत बदल करा, पाथ केलेली प्रत नव्यानं बनवा आणि टप्पा ५ पासून पुन्हा चालवा. त्याआधी फ्रेम्सचं फोल्डर रिकामं करा, किंवा स्क्रिप्टलाच सुरुवातीला ते पुसायला सांगा. आधीच्या प्रयोगात २४० फ्रेम्स काढलेल्या असतील तर नव्या ६० त्यातल्या पहिल्या ६०वर बसतात आणि उरलेल्या जुन्या १८० एफएफएमपेग मुकाट्यानं मागे जोडतो. मग तीन सेकंद नवा पत्ता आणि नऊ सेकंद जुना.